उभे दिसणारे चाक

घरात चोक असलेली जुनी ट्यूबलाइट असेल, तर तिच्या उजेडात हाताची बोटे झरझर हलवून पाहा. पाचांची दहा-पंधरा दिसतील! ही करामत हाताची नव्हे, दिव्याची.

बीड जिल्ह्यात परळी वैजनाथला औष्णिक वीज केंद्र आहे. तिथले टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेते; म्हणजे सेकंदाला ५०. त्यामुळे घरी येणारी वीजही सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते, आणि दर खेपेला ट्यूब दोनदा उजळते. सेकंदाला अशा १०० उघडझापा आपल्या डोळ्यांना कळत नाहीत. फिरत्या चाकापुढे मात्र बिंग फुटते.

समजा, चार आऱ्यांचे चाक सेकंदाला २५ फेरे घेत आहे. दर चमकेला एका आऱ्याच्या जागी दुसरा आरा येऊन ठेपतो, आणि चाक जागच्या जागी उभे दिसते. ‘दिसते तसे नसते’ ही म्हण इथे जिवावर बेतते. कारखान्यात बंद समजून कोणी यंत्रात हात घातला, तर बोटेच जायची. म्हणून यंत्रावर साधा तारेचा बल्ब लावतात, किंवा शेजारच्या ट्यूबा वेगवेगळ्या फेजवर जोडतात.

हाच दोष जाणकाराच्या हाती गुण ठरतो. अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३१ च्या सुमारास विजेचा स्ट्रोबोस्कोप तयार केला. त्याच्या चमका चाकाच्या वेगाशी जुळवल्या, की चालू यंत्र न थांबवता त्याचा वेग मोजता येतो आणि त्यातली खोट दिसते.

पण हल्ली हा दिवा वरातीतही शिरला आहे. सेकंदाला सुमारे ३ ते ३० वेळा लखलखणारा प्रकाश काहींच्या मेंदूला सोसत नाही, आणि फेफरे येते. अपस्माराच्या शंभर रुग्णांत असे साधारण तिघे असतात. मुलांत हे प्रमाण अधिक. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी दूरदर्शनवरच्या एका चित्रमालिकेत लाल-निळा प्रकाश लखलखला, आणि सहाशेहून अधिक जणांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात न्यावे लागले.

अशा दिव्यापुढे मुलाला कसेसेच वाटू लागले, तर नुसते डोळे मिटून भागत नाही. उजेड पापण्यांतूनही आत जातो. एक डोळा तळहाताने पूर्ण झाकावा आणि तोंड फिरवून दूर व्हावे. फेफरे आलेच, तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. तोंडात पाणी, चमचा काही घालू नये. झटके थांबवण्यासाठी हातपाय दाबून धरू नयेत. कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, तर तडक रुग्णालय गाठावे.

तुळशीचे लग्न लागले, की लग्नसराई आलीच. वाजंत्रीवाल्याशी सुपारी ठरवताना बिदागीबरोबर एवढेही ठरवून टाका: दिवे हवे तेवढे लावा, पण लखलखते नकोत.