आपली खाडी आणि उत्तरेची फियोर्ड

भूगोलाच्या तासाला एकदा आम्ही फियोर्ड म्हणजे काय, हा प्रश्न विचारला. एका विद्यार्थ्याने फळ्यावर सुबक आकृती काढून व्याख्याही बिनचूक सांगितली. मग आम्ही विचारले, "कर्ली नदी समुद्रास मिळण्यापूर्वी दक्षिणेस का वळते?" वर्ग स्तब्ध झाला. त्या वर्गात खुद्द देवबागची मुले होती. दोष त्यांचा नव्हता. तो प्रश्न आम्ही त्यांस कधी शिकविलाच नव्हता.

दूरचा भूगोल शिकू नये, असे आमचे म्हणणे नाही. ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील स्कोर्सबी साउंड ही फियोर्ड सुमारे ३५० किलोमीटर आत शिरली आहे. आपल्या जिल्ह्याचा अवघा किनारा १२१ किलोमीटर, हे ध्यानी घेतले म्हणजे तिचा विस्तार कळतो. तिची खोली काही ठिकाणी १४०० मीटरांहून अधिक आहे. अशा ह्या अफाट जलाशयाच्या काठी वस्तीचे गाव एकच, इत्तोक्कोर्तूर्मीत. ते १९२५ साली वसले आणि तेथे सुमारे साडेतीनशे माणसे राहतात. वर्षातील बहुतेक महिने समुद्र गोठलेला असतो. उन्हाळ्यात बर्फ फुटले की एखाददुसरे मालवाहू जहाज येते.

आता आपल्याकडे पाहा. फियोर्ड हिमनदीने कोरली. आपली खाडी म्हणजे समुद्राने बुडविलेली नदीची दरी. तथापि दोहोंचे मूळ एकाच हिमयुगात आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवरील पुष्कळसे पाणी बर्फात अडकले होते आणि समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती. ते बर्फ वितळले, समुद्र चढला आणि कोकणच्या नद्यांच्या मुखांत शिरला. उत्तरेस ज्या बर्फाने खडक कोरला, त्याच्याच पाण्याने आपल्या खाड्या भरल्या.

मात्र आपल्या खाडीकाठी गावांना गाव लागून आहे. नेरूरपार, कोरजाई, देवबाग, भोगवे ही सारी कर्लीच्या आधाराने वसली. कुठे खाऱ्या पाण्यास बांध घालून भातशेती केली, कुठे ओहोटीला तिसरे आणि कालवे काढून चूल पेटली. उधाण कोणते आणि भांग कोणता, हे येथील आजीबाईंस पंचांग न उघडता कळते. हे ज्ञान भूगोल नव्हे काय?

आणि येथेच खरा प्रश्न आहे. लाटांनी आणलेल्या वाळूने तारकर्लीपासून दक्षिणेकडे चिंचोळी पट्टी रचली आणि कर्लीस वळावे लागले. त्या पट्टीवर देवबाग वसले आहे. गड नदीच्या मुखाशी तोंडवळी-तळाशीलची पट्टी अशीच. फियोर्डचा काठ खडकाचा. आपल्या ह्या गावांचा पाया वाळूचा. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडी, आणि पावसाळ्यात दोन्हींकडून धूप. खाडीतून बेसुमार वाळू उपसावी, कांदळवन तोडावे आणि मग केवळ दगडी बंधाऱ्यावर भरवसा ठेवावा, हे शहाणपणाचे नाही. बंधारा हवाच; परंतु वाळू कोठून येते व कोठे जाते, हे जाणणारा नागरिक त्याहून अधिक हवा.

काही पालक म्हणतील, "परीक्षेत खाडी विचारीत नाहीत; मुलाचा वेळ का दवडावा?" आमचे उत्तर असे की, ज्याने आपल्या नदीचे वळण समजून घेतले, त्यास परक्या देशाचा नकाशा पाठ करावा लागत नाही; तो त्यास वाचता येतो. शिवाय परीक्षा एक दिवसाची, घर जन्माचे.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, येत्या सुटीत मुलास एकदा भरतीला व एकदा ओहोटीला खाडीच्या मुखाशी न्यावे. विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही वहीत वाळूच्या पट्टीचा नकाशा काढा, तारीख घाला, आणि पावसाळा सरल्यावर तेथेच उभे राहून दुसरा काढा. दोन्ही नकाशांत जो फरक दिसेल, तो वर्गात घेऊन या. तो धडा आम्हीही तुमच्याबरोबर शिकू.