मोजायला आम्ही, दाखवायला कोण?

बरेच दिवस मनात साचलंय, आज लिहूनच टाकतो. विषय टीव्ही. "नाही आवडत तर बंद कर की, तुला कोणी सांगितलंय बघायला?" असं पुण्याची मावशी म्हणणार, हे मी धरूनच चाललोय. मावशी, थांब जरा, तुलाही उत्तर आहे.

आधी पत्ता. जळकोट म्हटलं की लोकांना लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आठवतं. आमचं ते नव्हे. सोलापूरहून हैदराबादला निघालात की नळदुर्गच्या पुढे लागतं ते, तुळजापूर तालुक्यातलं, धाराशिव जिल्हा. कर्नाटकची हद्द जवळ, त्यामुळे बाजारात मराठीबरोबर कानडी आणि दखनीही कानावर पडते. संध्याकाळी सात वाजले आणि लाईट असली की गल्लीतून चालत जा, प्रत्येक घरातून एकाच मालिकेचं शीर्षकगीत ऐकू येतं. घरं बदलतात, गाणं तुटत नाही!

आणि त्या मालिकेत काय असतं? भलामोठा दिवाणखाना, मधोमध जिना. घरातली बाई पहाटे पाच वाजता पैठणी आणि नथ घालून पोहे करते. एक सून चांगली, एक वाईट. वाईट सून पडद्याआडून ऐकते. कुणी "काय?" म्हणालं की तोच चेहरा तीन वेळा जवळून, वर ढगांचा गडगडाट. मग जाहिरात. घरात शेतकरी असलाच तर त्याचा सदरा कडक इस्त्रीचा. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला आणि बाजारात प्रत्यक्षात काय मिळालं, हा प्रश्न त्याला कधी पडत नाही. आमच्याकडे दिवाळीच्या आसपास दुसरा विषयच नसतो.

भाषेचं तर विचारूच नका. "काय करायलास", "कुटं जायलास" असं बोलणारा माणूस पडद्यावर आला की समजायचं, हा गडी तरी आहे नाहीतर हसवायला आणलाय. 'लागिरं झालं जी'मुळे साताऱ्याची आणि 'तुझ्यात जीव रंगला'मुळे कोल्हापूरची बोली घराघरात पोचली, ते चांगलंच झालं. मराठवाड्याच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडं आलं.

गोष्टी तरी इथल्या असतात का? 'आई कुठे काय करते' मूळ बंगाली, 'रंग माझा वेगळा' मूळ मल्याळम, 'ठरलं तर मग' मूळ तमिळ. आता दुसऱ्या भाषेतून गोष्ट घेणं हा काही गुन्हा नाही. पुलंनी 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' केलंच की! पण ते करताना इथल्या बोलींचा, इथल्या माणसांचा सगळा फरक त्यांनी त्यात ओतला. आमच्या मालिकांत नावं आणि साड्या बदलतात. कारस्थान तेच राहतं.

जुनं ते सोनं म्हणून मी रडत नाही, हं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, त्यातही फिती कापणारे मंत्री आणि 'व्यत्यय'च्या पाट्या भरपूर होत्या. पण 'आमची माती आमची माणसं' होतं. शेतकऱ्याने शेतकऱ्यासारखं बोललेलं चालायचं, त्याला कुणी नट लागत नव्हता. आमच्या शेजारच्या गुलबर्ग्याची (आता कलबुर्गी) गोष्ट तर बघण्यासारखी आहे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या एका वर्षात उपग्रहावरून खेड्यात टीव्ही पोचवण्याचा 'साईट' प्रयोग झाला. सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं, त्यात कर्नाटकातला गुलबर्गा जिल्हाही होता. गावात एक संच, आणि त्यावर त्यांच्या भाषेत शेती, आरोग्य, मुलांसाठी कार्यक्रम. उपग्रह अमेरिकेचा उसना होता! तरी एक विचार स्पष्ट होता : ज्याला दाखवायचं, त्याच्या कामाचं दाखवायचं. आज आपल्याकडे उपग्रह स्वतःचे आहेत, वाहिन्या शेकड्यांनी आहेत. तो विचार तेवढा गेला.

का गेला, हेही सरळ आहे. वाहिनी विकते ती जाहिरातीची वेळ, आणि तिची किंमत ठरते टीआरपीवर. २०१५ पासून हे मोजमाप 'बार्क' करते, आणि त्याच वर्षापासून खेड्यातली घरंही मोजली जाऊ लागली. देशात टीव्ही असलेली घरं २१ कोटींच्या आसपास (हा २०२० चा अंदाज), मीटर बसवलेली पन्नास हजारांहून थोडी जास्त. म्हणजे आम्ही हिशेबात आलो. साबण, तेल, मसाला विकायला आम्ही चालतो. पण कॅमेरा आमच्याकडे वळवायचा तर खर्च! रोजचा एक भाग द्यायचा, तर एकदा उभा केलेला दिवाणखानाच स्वस्त पडतो. निर्मात्याचं गणित मला कळतं. त्याची किंमत आमच्या संध्याकाळीने का द्यायची, ते कळत नाही.

बातम्यांचीही तीच तऱ्हा. सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्या जिल्ह्यात भूम-परंड्याकडे पूर आला, तेव्हा कॅमेरे आले. पाणी ओसरलं, कॅमेरेही ओसरले. वाहून गेलेल्या मातीचं पुढे काय झालं, हे दाखवायला वेळ नाही. चार माणसं चार चौकटींत बसवून भांडायला लावायला मात्र रोज रात्री तासभर मिळतो.

सरकारला हे दिसत नाही असं नाही. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत खासगी वाहिन्यांना रोज ३० मिनिटं समाजोपयोगी कार्यक्रमांचं बंधन घातलं. शिक्षण, आरोग्य, शेती, ग्रामविकास, विज्ञान, सगळं यादीत आहे. वाचून मी खूश झालो होतो. मग जानेवारी २०२३ मध्ये खुलासा आला : सलग ३० मिनिटं नकोत, तुकड्यांत चालेल, महिन्याला १५ तास भरले म्हणजे झालं, आणि दुसऱ्या कार्यक्रमात मिसळलेला मजकूरही धरता येईल. आता बोला! मालिकेतल्या सुनेने सासऱ्याला "बाबा, गोळी घेतली का?" विचारलं तर ते आरोग्यात धरायचं का?

आता मावशीचं उत्तर. रिमोट माझ्या हातात असेल तर मी बंद करीनच. माझ्याकडे मोबाईल आहे, पुस्तकं आहेत. पण आईचे गुडघे गेलेत, शेजारच्या आक्कांना नीट ऐकू येत नाही, दोघींची मुलं बाहेरगावी. सातनंतर त्यांच्याशी बोलणारं घरात दुसरं कोण आहे? त्या बघतात, म्हणजे त्यांना तेच आवडतं असं नाही. ताटात एकच भाजी वाढायची, आणि ती संपली की म्हणायचं, बघा, यांना हीच आवडते! आई तर मालिका चालू असताना पडद्याशीच भांडते, "अशी कुटं सासू असती का गं?" हा प्रश्न कुठल्याच मीटरमध्ये नोंदला जात नाही.

माझं मागणं मोठं नाही. मालिका बंद करा असं मी म्हणतच नाही. त्या ३० मिनिटांतली निदान १५ तरी संध्याकाळी सात ते दहात, सलग, एका ठिकाणी द्या. त्यात आमच्याकडची माणसं आमच्या बोलीत बोलू द्या : द्राक्षवाला, अंगणवाडीतली ताई, विहीर खणणारा. एखादा लेखक सोलापूरपर्यंत आलाच, तर तिथून पुढे एसटीने या. रस्ता चांगला आहे.

असो. मावशी, आता बोल. आणि बाकी मंडळी, तुमच्या गावचं बोलणं टीव्हीवर शेवटचं कधी ऐकलंत?