जंतूंची मोजदाद झाली, परिचारिकांची कधी?

अमेरिकेतील सेंट लुई येथे, दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या आणि दीड किलोहून कमी वजनाच्या बाळांच्या अतिदक्षता विभागात काही वर्षे एक विलक्षण काम चालले होते. बाळाने लंगोट भरला की तो फेकून दिला जात नसे. त्यातील शीचा नमुना तारीख-वेळ लिहून जपून ठेवला जात असे. असे १२२ बाळांचे २,४९२ नमुने तपासून झाले, आणि २०१६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या बाळांपैकी २८ बाळांना आतड्याची भिंत सडविणारा 'नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस' हा रोग झाला होता. डॉक्टर मंडळी त्याला थोडक्यात 'नेक' म्हणतात. आज दूध पिणारे बाळ उद्या पोट फुगून निपचित पडते, आणि इतक्या कमी वजनाच्या ज्या बाळांना हा रोग गाठतो त्यांतील पाचांत एक तरी दगावते.

त्या अडीच हजार नमुन्यांनी काय सांगितले? रोग अचानक येत नाही. तो दिसू लागण्यापूर्वीच बाळाच्या आतड्यातील सूक्ष्मजीवांचा समतोल ढळलेला असतो. क्लेबसिएला, ई-कोलाय यांच्या कुळातील जंतू माजलेले असतात आणि प्राणवायूवाचून जगणारे जंतू मागे पडलेले असतात. कोणत्याही एका जंतूला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून हा खटला निकाली निघत नाही. येथे बिघडते ती एक सबंध वस्ती.

ही वस्ती येते कोठून, हा खरा प्रश्न आहे. पूर्ण दिवसांच्या बाळाला ती आईकडून मिळते: जन्ममार्गातून, कातडीच्या स्पर्शातून, चिकातून आणि दुधातून. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या वाट्याला आईऐवजी काचेची पेटी, नाकातोंडातील नळ्या आणि पहिल्या दिवसापासून प्रतिजैविकांची इंजेक्शने येतात. पिट्सबर्ग येथील अतिदक्षता विभागातील हात धुण्याची कुंडी, दूध पाजण्याच्या नळ्या, टेबलांचे पृष्ठभाग आणि काम करणाऱ्यांचे हात यांवरील जंतूंचा शोध संशोधकांनी घेतला. बाळांच्या आतड्यात जे जंतू संख्येने प्रबळ होते तेच कक्षातही आढळल्याचे त्यांनी २०१४ साली दाखवून दिले. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे पहिले घर म्हणजे वॉर्ड, आणि त्या घराची जी अवस्था तीच बाळाच्या आतड्याची.

याहून मोठा धडा इंग्लंडमधील एका चाचणीने दिला. १,३१५ बाळांपैकी निम्म्यांना बिफिडोबॅक्टेरियम जातीचे 'उपकारक' जंतू आणि उरलेल्यांना नुसते पीठ देण्यात आले. २०१६ साली निष्कर्ष आले तेव्हा त्या विशिष्ट जंतूचा लाभ दिसून आला नाही. परंतु त्याबरोबर आणखी एक गोष्ट उघडकीस आली. ज्यांना जंतू दिलेच नव्हते, त्यांतील जवळजवळ निम्म्या बाळांच्या पोटातही घरी जाण्याच्या सुमारास तेच जंतू सापडले. एका पेटीतून दुसऱ्या पेटीत ते आपोआप गेले नव्हते. माणसांच्या हातांनी, वस्तूंनी, कक्षातील नित्य व्यवहारांनी त्यांना तेथवर नेले होते.

संख्याशास्त्राच्या दृष्टीने ही चाचणीतील अडचण ठरली. समाजवादी दृष्टीने पाहिले तर तोच तिचा सर्वांत मोलाचा निष्कर्ष होय. एका बाळाचे आरोग्य शेजारच्या बाळाच्या आरोग्यापासून तोडता येत नाही. श्रीमंताच्या बाळासाठी वेगळी बाटली विकत घेता येईल, पण त्याच्या शेजारच्या पेटीला हात लावणारा हात तोच असतो. जो रोग वॉर्डाचा आहे त्यावरील उपायही वॉर्डाचाच असला पाहिजे.

नेमके हेच सत्य बाजाराला गैरसोयीचे आहे, कारण वॉर्डाची सुधारणा शीशीत भरून विकता येत नाही. जंतू मात्र विकता येतात.

आईच्या दुधाचे मोल काही कालपरवा कळलेले नाही. इंग्लंडमध्ये ९२६ अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पाहणीत केवळ पावडरच्या दुधावर वाढविलेल्या बाळांना 'नेक' होण्याचे प्रमाण केवळ आईच्या दुधावरील बाळांच्या सहा ते दहा पट आढळले होते. ही गोष्ट १९९० सालची. यामागचे कारण पुढे उलगडत गेले. आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात की ज्या बाळाला स्वतःला पचत नाहीत. त्या बाळाच्या पोटातील उपकारक जंतूंचे अन्न असतात. आई एकाच वेळी लेकराला आणि त्याच्या पोटातील वस्तीला जेवू घालते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांचा या शोधात मोठा वाटा आहे. हे विद्यापीठ सार्वजनिक आहे.

आणि मग आयत्या बिळावर नागोबा आला. त्याच संशोधनातून एक खाजगी कंपनी निघाली आणि आईने फुकट दिलेल्या जंतूंची शीशी बाजारात आली. औषध म्हणून तिची रीतसर परीक्षा झालेली नव्हती. दुकानात ती 'पूरक आहार' होती आणि अतिदक्षता विभागात तिचा वापर औषधासारखा होत होता. आहार म्हणावे तर औषधाच्या चाचण्यांचा खर्च वाचतो आणि औषध म्हणून वापरले की प्रतिष्ठा लाभते! २०२३ साली अशा उत्पादनातील जंतू रक्तात शिरून अपुऱ्या दिवसांचे एक बाळ दगावले, तेव्हा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डॉक्टरांना इशारा दिला, उत्पादकांना ताकीद दिली आणि माल परत घेण्यात आला.

हा खेळ नवा नाही. वरच्या दुधाच्या कंपन्यांनी गरीब देशांतील मातांच्या हाती डबे दिले, त्यावर १९७४ साली 'द बेबी किलर' ही पुस्तिका निघाली, १९७७ साली अमेरिकेत बहिष्काराची चळवळ उभी राहिली, १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेची आचारसंहिता आली आणि भारतात १९९२ साली कायदा झाला. त्या वेळी आईच्या दुधाला पर्याय विकला जात होता. आता आईच्या दुधाचे घटक सुटे करून विकण्याचा काळ आला आहे. खुद्द आईच्या दुधाचाही व्यापार होऊ लागला तेव्हा भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाला मे २०२४ मध्ये तो थांबविण्याची सूचना काढावी लागली.

येथे एक आक्षेप निश्चित घेतला जाईल: समाजवाद्यांना कंपन्यांचा इतका द्वेष आहे की ते विज्ञानालाही विरोध करतात. आक्षेप खरा असता तर त्याची दखल घ्यावी लागली असती. ओडिशाच्या खेड्यांतून झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४,५५६ नवजात बाळांपैकी निम्म्यांना सात दिवस एका जातीचे जंतू व त्यांचे शर्करारूप अन्न देण्यात आले. जंतुदोष किंवा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. ती बाळे पस्तीस आठवड्यांहून अधिक दिवसांची, दोन किलोंहून अधिक वजनाची आणि आईच्या दुधावरची होती. अतिशय अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही ही कामगिरी मोठी आहे, आणि ती सार्वजनिक पैशातून, खर्च अत्यल्प ठेवून झाली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ साली बत्तीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांना असे जंतू देण्याचा विचार करता येईल असे म्हटले. मात्र ती बाळे मानवी दुधावर असावीत, ही अट घातली. म्हणजे शीशीच्या आधी दूध आले, आणि दुधाच्या आधी आई आली. आक्षेप जंतूंना नाही. हा क्रम उलटा करणाऱ्या नफेखोरीला आहे.

आता या देशाकडे वळावे. २०२० साली भारतात सुमारे ३० लाख बाळे दिवस भरण्यापूर्वी जन्मली. जगात कोणत्याही देशात इतकी जन्मली नाहीत. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात दाखल झालेल्या १३,५३० नवजात बाळांची पाहणी झाली. दर शंभरांत चौदा बाळांना रक्तातील जंतुदोष झाला. सर्वाधिक सापडणारा जंतू होता असिनेटोबॅक्टर, आणि त्याचे ८२ टक्के नमुने अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे होते. हा जंतू रुग्णालयांतून ठाण मांडून बसणारा म्हणून कुप्रसिद्ध आहे. त्याला बाळापर्यंत जाऊ न देण्याचा पहिला उपाय म्हणजे धुतलेले हात, आणि हात धुवायला वेळ लागतो.

साधा हिशेब करावा. एका परिचारिकेकडे दहा बाळे आहेत आणि प्रत्येकाला दर दोन तासांनी नळीने दूध द्यावयाचे आहे. आठ तासांच्या पाळीत चाळीस वेळा दूध द्यावे लागेल, म्हणजे प्रत्येक खेपेला बारा मिनिटे मिळतील. त्या बारा मिनिटांत दोनदा हात धुणे, दूध मोजणे, लंगोट बदलणे, इंजेक्शन देणे, श्वास मोजणे, नोंद लिहिणे आणि दाराशी उभ्या असलेल्या आईला धीर देणे हे सर्व आले. स्वतःच्या घोटभर पाण्यासाठी त्यात जागा नाही. अशा परिचारिकेला भिंतीवरील हात धुण्याच्या तक्त्याकडे बोट दाखविणारा अधिकारी आरोग्यशिक्षण करीत नसतो. तो तिची कुचेष्टा करीत असतो.

इंग्लंडमध्ये अतिदक्षतेतील एका बाळामागे एक परिचारिका हा मानदंड आहे, आणि जेथे तो ढिला पडला तेथे मृत्यू वाढलेले आढळल्याचे २०१६ साली तेथील पाहणीने दाखविले. महाराष्ट्रात काय घडते? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाला आग लागून दहा बाळे मृत्युमुखी पडली. नंतर कारवाई झाली, आणि ज्यांना कामावरून काढण्यात आले त्यांत कंत्राटी परिचारिका होत्या. कंत्राट देणाऱ्या धोरणाला मात्र कोणी कामावरून काढले नाही. मे २०२२ मध्ये बाह्य यंत्रणेमार्फत भरती करण्याच्या विरोधात राज्यातील परिचारिकांना संपावर जावे लागले. संपामुळे रुग्णांचे हाल होतात, असा कंठशोष तेव्हा पुष्कळांनी केला. रिकाम्या जागांमुळे वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस होणाऱ्या हालांविषयी त्यांचा कंठ एरवी कोरडा असतो.

पैसा नाही, ही सबब आता पुरे झाली. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे पेट्या अपुऱ्या होत्या म्हणून डॉक्टरांनी बाळांना आईच्या छातीशी बांधले. त्या गरजेतून जन्मलेली पद्धत जन्मानंतर लगेचच सुरू केली तर काय होते, याची चाचणी भारत आणि आफ्रिकेतील चार देशांत झाली. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात होते. आईची खाट बाळाच्याच कक्षात मांडण्यात आली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. तेथे कोणतीही शीशी नव्हती. आईची कातडी होती, आईचे दूध होते आणि आईला आत येऊ देणारा वॉर्ड होता.

महाराष्ट्राने तर हा मार्ग पूर्वीच दाखविला आहे. २७ नोव्हेंबर १९८९ रोजी मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. हे रुग्णालय महापालिकेचे, धारावीच्या कुशीतले, कष्टकऱ्यांच्या लेकरांचे. एका आईचे जास्तीचे दूध दुसरीच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला मोफत मिळावे, यात खरेदी नाही आणि विक्रीही नाही. सहकाराचे याहून निर्मळ उदाहरण शोधून सापडणार नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. नवजात कक्षांतील परिचारिकांच्या सर्व रिक्त जागा कायम पदे म्हणून भराव्यात आणि एका परिचारिकेमागे बाळे किती, हा आकडा प्रत्येक रुग्णालयाच्या दारावर लावावा. प्रत्येक नवजात कक्षात आईसाठी खाट आणि दोन वेळचे जेवण असावे. सातव्या महिन्यात बाळंत झालेली मजूर स्त्री आजही व्हरांड्यात फाटक्या सतरंजीवर बसून असेल तर तिच्या दुधाची थोरवी सांगण्याचा अधिकार शासनाला उरत नाही. प्रत्येक जिल्ह्यात सार्वजनिक दुग्धपेढी असावी. उपकारक जंतूंची परीक्षा औषध म्हणूनच व्हावी, ती सार्वजनिक प्रयोगशाळांत व्हावी आणि त्यातून निघणारे ज्ञान कोणाच्या पेटंटात कोंडले जाऊ नये.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्हा रुग्णालयापासून सुरुवात करावी. नवजात कक्षात मंजूर जागा किती, भरलेल्या किती, कंत्राटी किती आणि रात्रपाळीला एका परिचारिकेकडे बाळे किती, हे चार प्रश्न माहितीच्या अधिकारात लेखी विचारावेत आणि आलेली उत्तरे जाहीर सभेत वाचून दाखवावीत. हजारो लंगोट तपासून शास्त्रज्ञांनी बाळाच्या पोटातील जंतूंची मोजदाद पुरी केली. त्या बाळाभोवती माणसे किती आहेत, हे मोजण्यासाठी प्रयोगशाळाही लागत नाही.