विश्लेषण : पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला स्वतःचा प्रकल्प का हवा?

पुरातत्त्वात एम.ए. करणारा विद्यार्थी प्रागैतिहास, नाणकशास्त्र, पुराभिलेख असे सारे विषय शिकतो. पण शेताच्या बांधावर पडलेले खापर सातवाहनकालीन की मध्ययुगीन, हे त्याला स्वतःच्या जबाबदारीवर ठरवायला शिकवतो तो प्रात्यक्षिक संशोधन प्रकल्पच. अनेकदा मात्र हाच प्रकल्प ग्रंथालयात बसून उरकला जातो.

विद्यार्थी स्वतः उत्खनन करू शकतो का?

नाही, आणि करूही नये. १९५८च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे कायद्यानुसार संरक्षित स्थळी परवान्याशिवाय खोदता येत नाही. अन्यत्रही राज्य सरकारला उत्खननासाठी केंद्राची पूर्वसंमती लागते. ते योग्यच आहे, कारण उकरलेला थर पुन्हा पूर्ववत रचता येत नाही. उत्खननात विद्यार्थी चमूचा एक भाग असतो. प्रश्न आणि पद्धत दुसऱ्याने ठरवलेली असते.

मग स्वतंत्र प्रकल्प कशावर?

कुदळ न लावता करण्याजोगे काम भरपूर आहे. रीतसर परवानगी घेऊन एका तालुक्यातील पांढरीच्या टेकाडांचे गावनिहाय सर्वेक्षण करता येते. वीरगळ, सतीशिळा, गधेगळ यांची मोजमापे, छायाचित्रे आणि अक्षांश-रेखांशासह नोंद करता येते. कॅल्सेडनीची पाती स्वतः घडवून, त्यांनी गवत किंवा हाड कापून, धारेवर उमटणाऱ्या खुणा प्राचीन पात्यांशी ताडून पाहता येतात.

जुन्या उत्खननांतील साहित्य हा तर मोठा ठेवा. डेक्कन कॉलेजने शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. त्याचा अहवाल १९८८ मध्ये आला. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीने घरे, धान्याची साठवण, पाण्याचा पाट आणि दफने यांचे तपशीलवार चित्र दिले. अशा स्थळांवरची खापरे, हाडे आणि धान्याचे दाणे नव्या प्रश्नांसह पुन्हा तपासता येतात. त्यासाठी नवी जमीन खोदावी लागत नाही.

याची निकड काय?

स्थळे संपत आहेत. पांढरीची माती घरासाठी, शेतासाठी नेण्याची रीत जुनीच. आता ते काम जेसीबी काही तासांत करतो. कोकणच्या सड्यांवरील कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. त्यामागे सडा न् सडा पायाखाली घालणाऱ्या स्थानिक अभ्यासकांची चिकाटी होती. जे नोंदलेच नाही, ते वाचवण्याची मागणी तरी कोण करणार?

अडते कुठे?

पहिली अडचण वेळापत्रकाची. पावसाळ्यात आणि त्यानंतरही काही काळ गवत-पिकांमुळे जमीन दिसत नाही. रब्बीची काढणी झाल्यावर रान मोकळे होते, नेमकी तेव्हाच प्रबंध सादर करण्याची आणि परीक्षेची घाई असते. दुसरी अडचण पैशाची. एसटीचे भाडे, मुक्काम, जेवण हा खर्च स्वतःच करायचा असेल, तर ऐपत असलेलाच क्षेत्रकार्य निवडेल आणि बाकीचे पुस्तकांतून प्रबंध लिहितील. तिसरी अडचण कामाच्या शेवटाची. गुण मिळाले की प्रबंध कपाटात जातो आणि त्यातली नोंद पुढच्या अभ्यासकापर्यंत पोहोचत नाही.

काय करता येईल?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे दुसरे वर्ष पूर्णपणे संशोधनाला देण्याची मुभा आहे. पुरातत्त्व विभागांनी तिचा लाभ घ्यावा. विषय पहिल्या वर्षाअखेरीस ठरावा, म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी सर्वेक्षणाला मिळेल. प्रवासासाठी लहानसे का होईना, अनुदान असावे. प्रत्येक प्रकल्पाची मूळ नोंद विद्यापीठाच्या संग्रहात आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे जमा व्हावी. ज्या गावात काम झाले, त्या ग्रामपंचायतीला चार पानांचा मराठी अहवाल द्यावा. मात्र नेमके ठिकाण जाहीर केल्याने चोरीचा धोका असेल, तर ते गोपनीय ठेवावे.

प्रकल्प लहान असल्याने बिघडत नाही. एका तालुक्यातील वीस टेकाडांची चोख नोंद ही, साऱ्या महाराष्ट्राच्या इतिहासावर इतरांच्या पुस्तकांतून जुळवलेल्या दोनशे पानांपेक्षा मोलाची. विद्यार्थी नोकरीला कुठेही लागो, ती नोंद मागे राहते. आणि एखादे टेकाड उद्या सपाट झालेच, तर तिथे वस्ती होती याचा तोच एकमेव पुरावा असेल.