चिठ्ठी दोघांनीही दाखवावी



तीन हंगामांमागची गोष्ट. आमच्या एका गट ऑफिसच्या ऊस नोंदीत काही लागण तारखा मागे सरकलेल्या आढळल्या. नोव्हेंबरातली लागण ऑक्टोबरातली झाली होती. त्या उसाला तोड अगोदर मिळाली असती, आणि ज्याचा खरा नंबर तो सभासद बांधावर तुरे मोजत बसला असता. एका जागरूक सभासदाने यादी वाचली म्हणून तोडणी प्रोग्राम निघण्यापूर्वी दुरुस्ती झाली. चौकशीत संगणकाने एवढेच सांगितले की, नोंद गट ऑफिसच्या नावाने आणि बरोबर पासवर्डने आली. ती कोणत्या यंत्रावरून आली, हे काही कळेना. कारण सगळ्या चिटबॉयना पासवर्ड एकच होता, आणि तो ऑफिसातल्या कॅलेंडरच्या कोपऱ्यावर लिहिलेला होता. तसा लिहून ठेवा म्हणून सांगणारे आम्हीच. चूक आमची, हे आधी कबूल करून मग पुढचे बोलतो.

आज नोंद हातातल्या यंत्रावर होते, वजन काट्यावरून थेट संगणकात जाते, बिलाची यादी बँकेच्या संगणकाकडे जाते. माणसामाणसांतले बोलणे आता यंत्रायंत्रांत चालले आहे. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. त्या मुदतीत हजारो खात्यांवर रक्कम जायची, तर मधल्या वाटेत कुणी टनाचा आकडा किंवा खाते नंबर बदलला तर काय होईल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

काही जण म्हणतात, "कशाला एवढी उठाठेव? संगणकावर कुलपाचे चित्र येतंय की!" चित्र येते हे खरे. पण त्या कुलपाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. आपले यंत्र कारखान्याच्या मुख्य संगणकाला हाक मारते, तेव्हा तो संगणक आपले प्रमाणपत्र पुढे करतो. त्यावर त्याचे नाव, त्याची उघडी किल्ली, मुदतीच्या तारखा आणि वरच्या अधिकाऱ्याची सही असते. यंत्र ते तपासते, आणि मग दोघांचे बोलणे गुप्त भाषेत सुरू होते. या पद्धतीला टी.एल.एस. म्हणतात. तिची आजची सुधारित आवृत्ती, १.३, ही २०१८ साली आली. पण यात ओळख पटली ती फक्त मुख्य संगणकाची. हाक मारणारा कोण, हे त्या संगणकाला अजून ठाऊक नाही. गव्हाणीच्या दारावर कारखान्याची पाटी लावली आणि आत येणाऱ्या गाडीची तोडणी चिठ्ठी कुणी पाहिलीच नाही, तशातला हा प्रकार झाला.

म्हणून आमचे मत असे की, चिठ्ठी दोघांनीही दाखवावी. मुख्य संगणकाने आपले प्रमाणपत्र दाखवावे आणि मग समोरच्या यंत्राकडेही मागावे. यंत्राने ते द्यावे, आणि आपल्या गुप्त किल्लीने त्या बोलण्यावर सही करून ते आपलेच असल्याचे सिद्ध करावे. ही गुप्त किल्ली यंत्राबाहेर जात नाही. पासवर्ड भिंतीवर लिहिता येतो, फोनवर सांगता येतो. किल्ली तशी सांगता येत नाही. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र प्रमाणपत्र असले की नोंद कुठून आली याला उत्तर मिळते. बँकांशी थेट जोडणी करताना अनेक ठिकाणी हीच पद्धत मागितली जाते. मग जी दक्षता बँकेसमोर घ्यायची, ती सभासदाच्या नोंदीसाठी का नको?

ही सही वरून खाली कशी येते, हे ऊस उत्पादकाला वेगळे शिकवायला नको. मूलभूत बेणे, त्यापासून पायाभूत आणि पायाभूतपासून प्रमाणित. को ८६०३२ चे बेणे घेताना आपण ते कुठल्या मळ्यातून आले हे विचारतोच. प्रमाणपत्रांचेही तसेच आहे. मूळ अधिकारी मधल्याला सही देतो, मधला यंत्राला देतो. आणि मूलभूत मळ्यातच काणी शिरली तर ती सगळ्या शिवारात जाते. २०११ साली नेदरलँडमध्ये डिजिनोटार नावाच्या प्रमाणपत्रे देणाऱ्या कंपनीत चोर शिरले आणि त्यांनी गूगलसह अनेकांच्या नावाची पाचशेहून जास्त खोटी प्रमाणपत्रे काढली. त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीचे दिवाळे निघाले.

आपल्या यंत्रांना प्रमाणपत्रे देण्यासाठी बाहेर मोठी फी भरायची गरज नाही. ओपनएसएसएलसारख्या फुकट मिळणाऱ्या साधनाने कारखाना स्वतःच ती काढू शकतो. खर्च आहे तो शिस्तीचा. आमच्या सूचना अशा:

१. एक यंत्र, एक प्रमाणपत्र. कोणते कुणाकडे दिले, याचे रजिस्टर ठेवावे.

२. मूळ सहीची किल्ली नेहमीच्या संगणकावर न ठेवता तिजोरीत ठेवावी, आणि ती दोघांच्या समक्षच निघावी.

३. यंत्र हरवले किंवा माणूस काम सोडून गेला, तर त्याच दिवशी प्रमाणपत्र रद्द करावे, आणि मुख्य संगणकाने रद्द झालेल्यांची यादी रोज पाहावी.

४. मुदत एका हंगामाची ठेवावी आणि नवी प्रमाणपत्रे बॉयलर अग्निप्रदीपनापूर्वी यंत्रांवर चढवावीत. ६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमध्ये ओ-टू कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांचे मोबाईल इंटरनेट बंद पडले. कारण काय, तर एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती. ऐन हंगामात आपला काटा असा अडला तर गाड्यांची रांग कुठवर जाईल ते सांगायला नको.

५. काम घेणारे ठेकेदार चाचणीच्या वेळी तपासणी बंद ठेवतात आणि पुढे ती चालू करायचे विसरतात. म्हणून काम ताब्यात घेताना मुद्दाम खोटे प्रमाणपत्र लावून पाहावे. यंत्राने ते नाकारले तरच बिल पास करावे.

एक मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. प्रमाणपत्राने यंत्र ओळखता येते, माणसाचे मन नाही. काटाच चुकीचा असेल, तर चुकीचे वजन सुरक्षितपणे पोचेल एवढेच. तेव्हा वैधमापन खात्याची तपासणी, वजनपावती आणि सभासदाची नजर ही तिन्ही लागणारच. यंत्र चालवणाऱ्याचा स्वतःचा पासवर्डही राहिलाच पाहिजे. पण नजरेला कुठेतरी बोट ठेवता आले पाहिजे. त्या वर्षी ते आम्हाला ठेवता आले नाही. संशय मात्र सगळ्या चिटबॉयवर आला, आणि त्यांतली बरीच पोरे अगदी सरळ होती. त्यांच्या घरी त्या दिवसांत काय चालले असेल, हे आठवले की आजही खाली बघावे लागते.

तेव्हा येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत संगणकाचा विषय निघाला की किंमत जरूर विचारा. पण त्याचबरोबर एक प्रश्न आणखी विचारा: "आमची नोंद घेणारे यंत्र आपली ओळख दाखवते काय, आणि ती कोण तपासतो?" या प्रश्नाचे उत्तर आम्हाला उभे राहून देता आले पाहिजे. नाही देता आले, तर सभासदांनी आम्हाला बसू देऊ नये.