ड्यूटीच्या यादीत आमचं नाव नको

मे महिन्यात तुम्ही काय केलंत? मुंबईहून चाकरमानी आले असतील, फणस फोडले असतील, पिरावाडीच्या किनाऱ्यावर क्रिकेट झालं असेल, आचरा तिठ्यावर रात्री उशिरापर्यंत गप्पा रंगल्या असतील. हे सगळं मला ग्रुपवरच्या फोटोंतून कळलं. मी बी.एस्सी. नर्सिंगला आहे. आमची सुट्टी पोस्टिंगमध्ये जाते. यंदा उन्हाळ्यात मी शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये होते आणि गावी आले ती शेवटच्या आठ दिवसांसाठी.

तक्रार सुट्टीबद्दल नाही. हे शिक्षण वॉर्डात उभं राहूनच होतं, हे माहीत असूनच आम्ही ॲडमिशन घेतो. आताच्या अभ्यासक्रमात तर शेवटच्या सत्रात २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास असा प्रत्यक्ष कामाचा काळ आहे. म्हणजे १०५६ तास. प्रश्न एवढाच आहे की, या तासांत आपण विद्यार्थी असतो की फुकटचा हात?

एक प्रसंग सांगते. सांगायला लाज वाटते, पण तो लपवला तर या लेखाला अर्थ नाही.

सकाळची ड्यूटी होती. मेडिकल वॉर्ड भरलेला, खाली गाद्या टाकलेल्या. स्टाफ सिस्टर एकच. मे महिना असल्यामुळे बाकीच्या रजेवर. आमच्या आचऱ्यात गावपळणीला गाव तीन दिवस रिकामं होतं ना, तसंच. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनाही घर आहे, मुलं आहेत, रजा हक्काची आहे. पण त्यांच्या जागी यादीत कोण होतं? आम्ही तिघी विद्यार्थिनी. एकीला सॅम्पल पोचवायला पाठवलं, दुसरी पेशंट घेऊन एक्सरेला गेली. उरले मी आणि चाळीसच्या आसपास पेशंट. सगळ्यांचं टेंपरेचर, नाडी, श्वास राउंडच्या आधी चार्टवर हवं होतं.

पंचवीसेक पेशंट झाले आणि राउंडची वेळ झाली. उरलेल्यांच्या चार्टवर मी कालचेच आकडे थोडे इकडेतिकडे करून लिहिले. कुणालाच कळलं नाही. तासाभराने सिस्टर सलाईन बदलायला गेल्या आणि एका आजोबांच्या हाताला हात लागताच थबकल्या. अंग भाजत होतं. चार्टवर माझ्या अक्षरात '९८.४' लिहिलेलं होतं.

आजोबांना वेळेत औषध मिळालं, ते बरेही झाले. सिस्टर ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आकडा लिहायच्या आधी हात लावायचा." त्या दिवसापासून मी न मोजलेला आकडा लिहिलेला नाही. राउंडला चार्ट अर्धा राहिला तर राहू दे, बोलणी खाईन. चूक माझीच होती, ती मी कुणावर ढकलत नाही. पण एक प्रश्न डोक्यातून जात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलीवर चाळीस पेशंट सोपवणं याला शिक्षण म्हणायचं का?

हे आजचं नाही आणि आपल्याकडचंच नाही. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या निधीतून नर्सिंग शाळा सुरू झाली, तेव्हापासून शिकणारी मुलगी वॉर्डात राबतच शिकत आली. पुढे ठिकठिकाणच्या हॉस्पिटलना या स्वस्त हातांची सवय झाली. अमेरिकेत १९२३ च्या गोल्डमार्क अहवालाने स्पष्ट सांगितलं, की हॉस्पिटलच्या गरजेपुढे विद्यार्थिनींचं शिक्षण मागे पडतंय. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकाच्या शेवटी 'प्रोजेक्ट २०००' आलं आणि त्यासोबत एक साधा नियम आला, की विद्यार्थी वॉर्डातल्या मनुष्यबळात मोजायचा नाही. तो वॉर्डात असेल, कामही करेल, पण तो नसला तरी वॉर्ड चालायला हवा.

मला हाच नियम आपल्याकडे प्रत्यक्षात हवाय.

"कामातूनच शिकतात, आम्ही पण असेच शिकलो," असं सीनियर म्हणतात. खरंय. कामाला आम्ही नाही म्हणतच नाही. बेड करायला, स्पंज द्यायला, बेडपॅन द्यायला कमीपणा कसला? ते नर्सिंगच आहे. पण एकच काम शंभरदा केलं म्हणून आपण शंभर गोष्टी शिकत नाही. शिकायला वेळ लागतो. माझ्या पेशंटला ही गोळी का, ही नळी का, काल चालत होता तो आज का झोपून आहे, हे विचारायला वेळ हवा. विद्यार्थ्याकडे अनुभव नसतो, अधिकार नसतो, वेळ मात्र असतो. ड्यूटीच्या यादीत नाव गेलं की पहिला तोच जातो.

त्या वेळेची किंमत मला आचऱ्यात कळली. गावी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारची काकी खळ्यात हजर. "गो बाय, तू नर्स झालंस मां? माझा प्रेशर बघ."

"अजून नाय गो काकी, शिकतंय."

मशीन लावलं. १७० वर १००. पाच मिनिटं शांत बसवून परत घेतलं, जवळपास तेवढंच. वॉर्डात असते तर आकडा लिहून पुढच्या बेडकडे गेले असते. इथे पुढचा बेडच नव्हता. चहा झाला, गजाली झाल्या. अर्ध्या तासाने काकी सहज बोलून गेली, "बरा वाटाक लागला, म्हणान गोळयो बंद केलंय." आणि रोज पेजेबरोबर काय? सुको बांगडो नायतर खाराचा लोणचा. बरं वाटतंय म्हणून गोळी सोडायची नसते, गोळीमुळेच बरं वाटतंय, आणि सुक्या मासळीतलं मीठ प्रेशर वाढवतं, हे मी तिला तिच्याच भाषेत सांगितलं. औषध काय घ्यायचं ते मी सांगितलं नाही, तो माझा अधिकार नाही. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले.

यात मोठं काही केलं नाही. पण 'हिस्टरी टेकिंग' या धड्याला पुस्तकात किती पानं आहेत ते मला आठवत नाही, काकीचा खळा आठवतो.

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पेशंट गंभीर झाला की पहिलं वाक्य काय असतं? "बांबोळीला हलवा." गोव्यापर्यंतच्या त्या प्रवासात, रात्री उपकेंद्रावर, पावसाळ्यात लेप्टोच्या तापात, फुरसं चावल्यावर आपल्यासमोर पहिली उभी असते ती बहुतेकदा नर्स. तिला पोस्टिंगमध्ये खरं शिकवलं होतं की नुसतं पळवलं होतं, हा फक्त नर्सिंगवाल्यांचा प्रश्न उरत नाही.

म्हणून नर्सिंगच्या दोस्तांनो, चार गोष्टी मागून घ्या. एक, वॉर्डात आपले शिक्षक हवेत. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत १० विद्यार्थ्यांमागे १ शिक्षक आहे, तो कागदावर नको, बेडजवळ हवा. दोन, प्रोसिजर बुकवर सही प्रोसिजर कुणीतरी बघितल्यावरच. न केलेलं कॅथेटर 'केलं' म्हणून लिहू नका. उद्या एखादा पेशंट त्या सहीवर विश्वास ठेवणार आहे. तीन, पहिल्या पोस्टिंगच्या आधी हेपटायटिस बी ची लस. तिचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात, त्यामुळे ॲडमिशन झाल्या झाल्या विचारा. चार, सुई टोचली तर लपवू नका. जखम दाबू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच कळवा. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी चांगली. "ओरडतील" या भीतीने गप्प बसलेली मुलगी मी पाहिली आहे.

या मागण्या एकटीने केल्या की "नखरे" म्हणतात. पूर्ण बॅचने लेखी दिल्या की त्याला अर्ज म्हणतात. हा फरक लक्षात ठेवा.

आणि बी.कॉम., इंजिनीअरिंगवाल्यांनो, तुमच्याही इंटर्नशिपमध्ये हे होतंच की! शिकायला गेलात आणि महिनाभर झेरॉक्स काढत बसलात. फरक एवढाच, तुमच्या झेरॉक्समध्ये कुणाचा ताप लपत नाही.

१२ मे ला नर्सेस डे असतो. स्टेटसला मेणबत्तीचे फोटो पडतात, आम्हाला फुलं मिळतात. पुढच्या वर्षी फूल नाही दिलंत तरी चालेल. आजीला भेटायला हॉस्पिटलमध्ये गेलात आणि नवख्या युनिफॉर्ममधली एखादी मुलगी थरथरत्या हाताने प्रेशर घेताना दिसली, तर "लवकर आटपा" म्हणू नका. तिला दोन मिनिटं द्या. तिथे तेवढीच गोष्ट तिला कुणी देत नसतं.