प्रत्येक मुलाला जागा, प्रत्येक जागेला पट्टा
(परिवहन मंत्र्यांना खुले पत्र)

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,


शाळेच्या बसमध्ये प्रत्येक मुलाच्या आसनाला सीटबेल्ट असावा आणि सगळ्यांनी तो लावल्याशिवाय बस जागची हलू नये, असा नियम महाराष्ट्राने करावा, या मागणीसाठी हे पत्र आहे. मी पुण्यात राहते. माझी मुलगी दुसरीत आहे आणि तिची बस रोज नवले पुलाच्या उतारावरून जाते. या उताराची ख्याती आपल्याला नव्याने सांगायला नको. 20 नोव्हेंबर 2022 रोजी एका अवजड वाहनाने तिथे अनेक गाड्यांना ठोकरले. त्यानंतरही तिथले अपघात थांबलेले नाहीत. त्याच उतारावरून, ट्रक आणि कंटेनरच्या गर्दीतून, सकाळ-दुपार पिवळ्या बस जातात आणि त्यांतली मुले नुसती बाकावर बसलेली असतात.

कायदा काय म्हणतो ते आपण जाणताच. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली आणि कलम 194-बी आले. चौदा वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा बालआसनाशिवाय गाडीतून नेले तर चालवणाऱ्याला 1,000 रुपये दंड, असे ते कलम सांगते. प्रवाशांच्या सीटबेल्टच्या सक्तीतून काही वाहने वगळण्याची मुभा कायद्याने राज्यांना दिली आहे. त्यात उभ्याने प्रवासी नेणाऱ्या गाड्यांचा खास उल्लेख आहे. पण शाळेची बस ही उभ्याने जायची गाडी नव्हे. तिथे प्रत्येक मूल बसूनच जायला हवे. मग घरच्या मोटारीत मागच्या आसनावर ज्या मुलीला पट्टा लावणे मला बंधनकारक आहे, तीच मुलगी बसमध्ये चढली की तिचा पट्टा का सुटतो?

4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर, उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्या घटनेने देश हादरला आणि काही आठवड्यांतच मुंबई पोलिसांनी मोटारीतल्या प्रत्येक प्रवाशाला सीटबेल्ट सक्तीचा केला. तो निर्णय योग्यच होता. शाळेच्या बसबाबत निर्णय व्हायला मात्र आपण अशा एखाद्या घटनेची वाट पाहू नये.

बस सावकाश जाते, मुलांना काय होणार आहे, असे अनेकांना मनापासून वाटते. हिशेब करून पाहू. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी बस कशावर आदळून जागच्या जागी थांबली, तर आतले मूल त्याच वेगाने पुढे जात राहते. हा वेग जवळपास दोन मजल्यांवरून खाली पडणाऱ्या माणसाचा जमिनीवर आदळतानाचा वेग आहे. आणि ते मूल आदळते कशावर? आपल्याकडच्या अनेक बसमध्ये पुढच्या आसनाच्या पाठीवर धरायला लोखंडी नळीचा दांडा असतो. माझी मुलगी बसली की तो बरोबर तिच्या तोंडासमोर येतो. त्यावर रेक्झिनसुद्धा नसते. जोराचा ब्रेक लागला तरी ओठ फुटतो, दात हलतो. बसने जाणाऱ्या मुलांच्या आयांना हे ठाऊक आहे.

या मागणीला पहिला आक्षेप अमेरिकेचे उदाहरण देऊन घेतला जातो: तिथल्या मोठ्या पिवळ्या बसमध्येही वर्षानुवर्षे पट्टे नव्हते, तरी त्या सुरक्षित मानल्या जातात. हे खरे आहे, पण अर्धेच. 1977 पासून तिथल्या नियमाने शाळेच्या बसची आसने मुद्दाम उंच पाठीची, जाड गादीची आणि एकमेकांच्या जवळ केली. धडक बसली तर मुलाचा मार पुढच्या पाठीने झेलावा, अशी ती रचना आहे. आपल्या नळीच्या दांड्याचा तिच्याशी काही संबंध नाही. शिवाय ही रचना समोरून किंवा मागून धडक बसली तरच कामाला येते. बस बाजूने ठोकली गेली किंवा उलटली, तर मुले छतावर, काचांवर आणि एकमेकांवर फेकली जातात. म्हणूनच नोव्हेंबर 2015 मध्ये तिथल्या रस्ते सुरक्षा प्रशासनाच्या प्रमुखांनी प्रत्येक शालेय बसमध्ये प्रत्येक मुलाला तीन बिंदूंचा, म्हणजे कमरेसोबत खांद्यावरूनही जाणारा, पट्टा हवा, अशी जाहीर भूमिका घेतली. पुढच्याच वर्षी, 21 नोव्हेंबर 2016 रोजी, टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहरात भरधाव शालेय बस रस्ता सोडून झाडावर आदळली आणि सहा मुले गेली. अपघातांचा तपास करणाऱ्या तिथल्या राष्ट्रीय मंडळाने 2018 मध्ये सगळ्या नव्या मोठ्या शालेय बसना असे पट्टे बसवण्याची शिफारस राज्यांना केली. ब्रिटनमधल्या वेल्सने तर ऑक्टोबर 2014 पासून शाळेसाठी खास चालणाऱ्या प्रत्येक बसला सीटबेल्ट बंधनकारक केला. दाखला द्यायचाच तर पूर्ण द्यावा.

दुसरी भीती पालकांची आहे आणि ती मी हलकी मानत नाही. बसला आग लागली, बस पाण्यात गेली, तर पट्ट्यात अडकलेली मुले बाहेर कशी येणार? पण पट्टा नसलेले मूल अशा वेळी धडकेनेच बेशुद्ध पडलेले असण्याची किंवा पाय मोडून बसण्याची शक्यता जास्त. शुद्धीवर असलेले मूल एक बटण दाबून सुटू शकते, बेशुद्ध मुलाला दुसऱ्या कुणीतरीच उचलावे लागते. या भीतीचे उत्तर सरावात आहे. बसमधल्या मावशींच्या हाताशी पट्टा कापायची सुरी असावी आणि पट्टा सोडून आपत्कालीन दारातून उतरण्याची कवायत शाळेने प्रत्येक सत्रात एकदा मुलांकडून करून घ्यावी. आज आपत्कालीन दार कागदोपत्री सगळीकडे आहे. ते उघडते कसे, हे किती मुलांना ठाऊक आहे?

मुले पट्टा लावणारच नाहीत, असेही म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. मुलांना सवय लागायला आठवडा पुरतो. सवय जड जाते ती मोठ्यांनाच.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडच्या बसमध्ये आणि विशेषतः व्हॅनमध्ये खरी अडचण पट्ट्याच्या आधीची आहे. माझ्या मुलीच्या बसमध्ये दोघांच्या बाकावर तिघे बसतात. खिडकीकडचे दोघे नीट बसतात, तिसऱ्याचा अर्धा भाग वाटेत लोंबकळतो. मांडीवर दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली आणि एका हाताने तोच लोखंडी दांडा घट्ट धरलेला. गतिरोधक आला की ते मूल बाकावरून घसरते आणि पुन्हा वर चढून बसते. लहान आहेत, मावतात, असे सगळेच म्हणतात. दोघांच्या बाकावर दोनच पट्टे असतील तर तिसऱ्या मुलाला जागा नाही, हे कुणी न सांगता दिसते. त्यासाठी परवाना तपासायला नको, मुले मोजायला निरीक्षक नको. बसथांब्यावर उभी असलेली आई दारातून आत डोकावूनच सांगू शकेल की बस भरली आहे. म्हणून मी म्हणते की सीटबेल्टचा नियम हाच आसनसंख्येचा नियम आहे. पट्टा अपघातात मुलाला वाचवेल, पण त्याआधी रोजच्या कोंबाकोंबीला तो आळा घालेल. बसमालकांचा खरा विरोधही यालाच आहे, पट्ट्याच्या किमतीला नव्हे.

खर्चाचा विचार मात्र केलाच पाहिजे. मुले कमी बसली की फी वाढणार. फी परवडली नाही तर पालक मुलाला रिक्षात घालतील, दुचाकीवर तिघांत बसवतील, आणि सुरक्षेसाठी केलेला नियम मुलांना अधिक धोक्याच्या गाडीत ढकलेल. तसे होऊ नये म्हणून नियम टप्प्याटप्प्याने यावा आणि व्हॅन व रिक्षांनाही तितक्याच काटेकोरपणे लागू व्हावा. बस नियमाने चालली आणि शेजारची व्हॅन मोकाट सुटली, तर प्रामाणिक बसमालकच बुडेल. शालेय बस म्हणून नोंदलेल्या गाडीला करात सवलत द्यावी; पट्टे बसवण्यासाठी बसमालकांना स्वस्त कर्ज मिळवून द्यावे. फी किती वाढवायची ते शाळेच्या परिवहन समितीत, पालकांसमोर ठरावे.

घाईही नको, कारण चुकीचा पट्टा पट्टा नसण्यापेक्षा वाईट ठरू शकतो. जुन्या बसच्या लाकडी फळीच्या तळाला चार स्क्रू मारून बसवलेला पट्टा धडकेत आसनासकट उपटून येईल. नुसता कमरेचा पट्टा लहान मुलाच्या पोटावर चढतो आणि आतल्या इजा करतो. म्हणून पट्टा तीन बिंदूंचा असावा, उंचीनुसार खाली-वर करता यावा आणि त्याची बांधणी तपासलेली असावी. तपासणीसाठी दूर जायला नको. एआरएआय आणि भोसरीची सीआयआरटी या वाहन चाचणीच्या दोन्ही मोठ्या संस्था पुण्यातच आहेत. कोणत्या जुन्या बसची आसने पट्टा पेलू शकतात आणि कोणती बदलावीच लागतील, याचा निवाडा त्यांच्याकडून घ्यावा.

पट्टा सगळ्या रोगांवरचे औषध नाही, हेही स्पष्ट लिहिते. 11 एप्रिल 2024 रोजी हरियाणातल्या महेंद्रगड जिल्ह्यात शाळेची बस झाडावर आदळून उलटली आणि सहा विद्यार्थी गेले. त्या बसच्या योग्यता प्रमाणपत्राची मुदत केव्हाच संपली होती. चालक नीट नसेल, ब्रेक नीट नसतील, आरटीओची तपासणी नावापुरती असेल, तर पट्टा एकटा किती पुरेल? पण चालकाची चूक मुलाने जिवाने भरावी लागू नये, एवढे तरी पट्टा करू शकतो.

आपल्या राज्याने 2011 साली शालेय बससाठी स्वतंत्र नियमावली केली. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती नेमली, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, आपत्कालीन दार, मुलींसाठी महिला सहायक सक्तीचे केले. त्या वेळीही खर्च वाढेल, हे जमणार नाही, असेच म्हटले गेले असेल. आज ते सगळे गृहीत धरले जाते. त्याच नियमावलीत आता हे कलम घालावे.

माझ्या मागण्या नेमक्या आहेत. येत्या जूनपासून नोंदणी होणारी प्रत्येक शालेय बस आणि व्हॅन तीन बिंदूंच्या पट्ट्यांसह यावी. महामार्गावरून आणि घाटातून जाणाऱ्या जुन्या बसना एक वर्षाची, बाकीच्यांना तीन वर्षांची मुदत मिळावी. पट्टे बसेपर्यंत पुढच्या बाकाचे लोखंडी दांडे गादीने झाकणे तातडीने सक्तीचे करावे. त्याला फारसा खर्चही नाही. शैक्षणिक सहलीला पट्टे असलेलीच बस घेण्याचे बंधन शाळांवर घालावे. डिसेंबर 2022 मध्ये चेंबूरच्या मुलांची सहलीहून परतणारी बस बोरघाटात उलटली आणि दोन विद्यार्थी गेले, हे आपल्याला आठवत असेल. आणि योग्यता तपासणीच्या वेळी निरीक्षकाने प्रत्येक पट्टा स्वतः ओढून पाहावा, तशी नोंद प्रमाणपत्रावर असावी.

मसुदा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवा. पालक, बसमालक, मुख्याध्यापक सगळे बोलतील, भांडतीलही. पण ती चर्चा अपघातानंतरच्या चौकशी समितीत होण्यापेक्षा आधी होऊ द्या. हा निर्णय आपल्या अधिकारात आहे आणि शाळा सुरू व्हायच्या आत तो घेता येईल. कृपया घ्यावा.

कळावे,
आपली,
एक पालक, पुणे